शरीरात बसणाऱ्या सेन्सरला बिनतारी वीज: सर्किट कोणत्या क्रमाने बांधायचं

बिनतारी विजेवर चालणाऱ्या इम्प्लांट सेन्सरचे प्रोजेक्ट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात. दोन कॉइल समोरासमोर धरल्या, पलीकडचा एलईडी पेटला, इथवर सगळं छान. मग एलईडीच्या जागी सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर जोडला की सर्किट सारखं रिसेट होत राहतं. ट्रान्समीटरचा जोर वाढवला की चालतं, कॉइल जरा सरकली की बंद पडतं, आणि फार जवळ आणली तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग, जातो.

यात दोष कॉइलचा क्वचितच असतो. चुकतो तो क्रम. ट्रान्समीटरपासून सुरुवात केली तर पलीकडे नेमकं किती द्यायचं आहे हेच माहीत नसतं. म्हणून आधी लोड (वीज वापरणारं सर्किट), मग रेग्युलेटर आणि रेक्टिफायर (कॉइलमधल्या एसीचा डीसी करणारा भाग), मग आतली कॉइल, आणि सगळ्यात शेवटी ट्रान्समीटर. हा लेख त्याच क्रमाने जातो.

सावधान: इथलं सगळं काम टेबलावरचं आहे. माणसावर चाचणी घ्यायची तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी लागते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिकता समितीची. पेसमेकर बसवलेल्या माणसाला चालू ट्रान्समीटरच्या आसपास येऊ देऊ नका.

## तयारी: आधी कागद, मग सोल्डरिंग

उदाहरण म्हणून कवटीच्या आतला दाब मोजणारा सेन्सर घेऊ. आतली कॉइल डोक्याच्या कातडीखाली, बाहेरची कॉइल तिच्यापासून साधारण १० मिलिमीटरवर. वारंवारता १३.५६ मेगाहर्ट्झ, सेकंदाला १०० नमुने, सर्किटचा सप्लाय २.५ व्होल्ट.

कागदावर आणखी एक गोष्ट लिहा आणि तिला शेवटपर्यंत धरून राहा: सगळ्यात वाईट स्थिती. आपल्या उदाहरणात अंतर १५ मिलिमीटर, बाजूला १० मिलिमीटर सरकलेली, २० अंश तिरकी. रुग्णाच्या डोक्यावर कॉइल अशीच बसणार आहे, त्यामुळे पुढचं सगळं डिझाइन या स्थितीसाठी करायचं.

सामान फार लागत नाही. बदलता सप्लाय, बरा मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, नॅनोव्हीएनए (कॉइल कोणत्या वारंवारतेला जुळते ते दाखवणारं छोटं यंत्र), इनॅमलची तांब्याची तार. कॅपॅसिटर दुकानातून सुटे घेत असाल, तर कॉइलशी जुळवायचे पिकोफॅरडचे कॅपॅसिटर ‘एनपीओ’ (तापमानाने जवळपास न बदलणारा प्रकार) असं सांगूनच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नुसते पिकोफॅरड सांगितले की समोर असेल तो प्रकार हातात पडतो. एक्स७आर प्रकाराचा कॅपॅसिटर इथे चालत नाही: त्याची क्षमता तापमानाप्रमाणे हलते आणि त्याच्यातला ऱ्हास कॉइलची गुणवत्ता खाली आणतो.

## टप्पा १: विजेचा हिशेब

प्रत्येक भागासाठी दोन आकडे लिहा, चालू असतानाचा करंट आणि सरासरी करंट. नुसती सरासरी लिहिली तर पुढे रिसेटचं कारण सापडत नाही.

- दाबाचा ब्रिज (सेन्सरमधली रेझिस्टरची जोडणी) ५ किलोओहमचा. २.५ व्होल्टवर ५०० मायक्रोअँपिअर. दर नमुन्याला २०० मायक्रोसेकंदच चालू, म्हणजे २ टक्के वेळ. सरासरी १०.
- अँप्लिफायर ६० मायक्रोअँपिअर, तेवढाच वेळ. सरासरी १.२.
- मायक्रोकंट्रोलर, समजा एमएसपी४३०एफआर५९६९, ८ मेगाहर्ट्झवर सुमारे ८००. दर नमुन्याला ३०० मायक्रोसेकंद जागा. सरासरी २४.
- झोपेतला मायक्रोकंट्रोलर १, रेग्युलेटर स्वतःसाठी १.६, डेटा पाठवण्याचा स्विच ४.

बेरीज साधारण ४२ मायक्रोअँपिअर. ती दुप्पट करा आणि ८५ धरून पुढे चला. हा राखीव वाटा काढून टाकायचा मोह होईल. काढू नका. गळती, तापमान आणि भागांमधला फरक सगळा त्यातच मावतो.

ब्रिज कायम चालू ठेवला तर तो एकटाच ५०० घेतो, म्हणजे अख्ख्या हिशेबाच्या जवळपास बारा पट. त्याचा सप्लाय मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून किंवा छोट्या मॉस्फेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विचवरून) तोडता आलाच पाहिजे.

दुसरी चूक कोडमध्ये लपलेली असते. १६ बिटचा नमुना १० किलोबिटच्या वेगाने पाठवायला १.६ मिलिसेकंद लागतात. कोडमध्ये प्रत्येक बिटनंतर डिले लूप असेल, तर मायक्रोकंट्रोलर तेवढा वेळ फुकट जागा राहतो: सेकंदात १६ टक्के, सरासरी १२८ मायक्रोअँपिअर. सेन्सर, अँप्लिफायर आणि बाकी सगळं मिळून जेवढं खातात त्याच्या तिप्पट करंट एका डिले लूपने खाल्ला. बिट बाहेर ढकलायचं काम टायमर आणि डीएमएकडे (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणाऱ्या चिपमधल्या भागाकडे) द्या आणि प्रोसेसरला झोपवा.

तिसरी चूक वाचनाच्या वेळेची. ब्रिज चालू केला आणि लगेच एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाने) वाचलं, तर मिळतो तो अर्धवट चढलेला व्होल्टेज. १२ बिटच्या अचूकतेसाठी इनपुटवरच्या आरसी फिल्टरच्या (रेझिस्टर आणि कॅपॅसिटरच्या जोडीच्या) टाइम कॉन्स्टंटच्या, म्हणजे त्या दोघांच्या गुणाकाराच्या, नऊ पट वेळ द्यावा लागतो. आपल्याकडे २०० मायक्रोसेकंद आहेत, म्हणजे टाइम कॉन्स्टंट २० मायक्रोसेकंदांच्या वर नको. १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरड बसतं. तिथे १० नॅनोफॅरड लावला, तर आकडा नेहमीच कमी येईल आणि दोष सेन्सरवर जाईल.

तपासा: सप्लायचा व्होल्टेज मायक्रोकंट्रोलरच्या किमान मर्यादेवरच तर ठेवला नाही ना? या चिपची मर्यादा १.८ आहे. रेग्युलेटरही १.८ चा घेतला, तर दोन टक्क्यांच्या फरकाने चिप मर्यादेखाली जाते. २.५ व्होल्ट त्यासाठीच निवडला आहे.

## टप्पा २: कॉइलशिवाय, कमजोर सप्लायवर चालवा

सगळ्यात जास्त वेळ वाचवणारा टप्पा हाच, आणि बहुतेक जण तो गाळतात.

बदलत्या सप्लायवरून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून साठवणीच्या कॅपॅसिटरला वीज द्या, आणि कॅपॅसिटरपासून पुढे सर्किट. आता मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या रेझिस्टरच्या दोन टोकांत मोजा. जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर. करंटचे झटके कॅपॅसिटर सोसतो, त्यामुळे दिसते ती खरी सरासरी.

मल्टिमीटरची मायक्रोअँपिअर रेंज थेट सप्लायच्या तारेत घालू नका. अनेक मीटरमध्ये त्या रेंजला १०० ओहमच्या आसपास अडथळा असतो. करंटचा झटका १.४ मिलिअँपिअरचा असेल तर ०.१४ व्होल्ट मीटरमध्येच पडतात, आणि मोजण्यानेच सर्किट बिघडतं.

मोजताना प्रोग्रॅमरची केबल काढलेली हवी. ती लावलेली असेल, तर तिच्या डेटाच्या तारांमधून चिपच्या संरक्षक डायोडवाटे सर्किटला चोरून वीज मिळते, आणि मीटर खोटा कमी आकडा दाखवतो. मॉड्यूल वापरत असाल, तर त्यावरचा पॉवर एलईडी आणि एएमएस१११७ सारखा रेग्युलेटर दोन्ही उतरवा. तो रेग्युलेटर लोड नसतानाही काही मिलिअँपिअर घेतो, आपला हिशेब मायक्रोअँपिअरचा आहे. न वापरलेल्या पिन अधांतरी सोडू नका. त्यांना आउटपुट करून शून्यावर ठेवा.

आता सुरू होण्याची परीक्षा. १ किलोओहमच्या जागी १० किलोओहम घाला आणि सप्लाय ४.५ व्होल्ट करा. ३.२ व्होल्टपाशी जेमतेम १३० मायक्रोअँपिअर मिळतात. अशक्त बिनतारी वीज साधारण अशीच असते. व्होल्टेज हळूहळू चढतो, मायक्रोकंट्रोलर अर्ध्यातच जागा होतो, मिळतं त्याहून जास्त ओढतो, व्होल्टेज पडतो, रिसेट, पुन्हा तेच. यावर इलाज एकच: कॅपॅसिटर पुरेसा भरेपर्यंत लोड जोडायचाच नाही. नॅनोअँपिअरवर चालणारा व्होल्टेज डिटेक्टर आणि पी-मॉस्फेटचा स्विच लावा. ३.२ व्होल्टला जोडा, २.८ ला तोडा.

इथे एक बारीक सापळा आहे. रेग्युलेटरच्या पुढे १ मायक्रोफॅरड असतो. स्विच लागल्याक्षणी तो शून्यावरून २.५ व्होल्टपर्यंत भरतो आणि २.५ मायक्रोकूलंब ओढतो. साठवणीचा कॅपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा असेल, तर त्याचा व्होल्टेज अर्ध्या व्होल्टहून जास्त पडून २.७ च्या खाली येतो. डिटेक्टर लगेच तोडतो. सर्किट जोड-तोड करत बसतं आणि कोडमध्ये काही केल्या दोष सापडत नाही. म्हणून साठवण १० मायक्रोफॅरडची हवी, आणि तीही खरोखरची. छोट्या सिरॅमिक कॅपॅसिटरची क्षमता व्होल्टेज लावल्यावर निम्म्यापर्यंत उतरू शकते. डेटाशीटमधला डीसी बायसचा आलेख बघा आणि लागलं तर २२ चा घ्या. इलेक्ट्रोलायटिक इथे नको, त्याची गळतीच आपला हिशेब खाऊन टाकेल.

तपासा: १० किलोओहमवरून शंभर वेळा चालू-बंद करा. एकदाही अडकलं तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: रेक्टिफायर आणि संरक्षण

१३.५६ मेगाहर्ट्झचं एक आवर्तन ७४ नॅनोसेकंदांचं असतं. १एन४००७ ला बंद व्हायला मायक्रोसेकंद लागतात, तो इथे रेक्टिफायर म्हणून कामच करत नाही. बीएटी५४ सारखे शॉटकी डायोड घ्या. आपल्या करंटला एका डायोडवर साधारण ०.२ व्होल्ट पडतात, रेक्टिफायरच्या ब्रिजमध्ये (चार डायोडच्या जोडणीत) दोन डायोड वाटेत येतात, म्हणून कॉइलवर ३.६ व्होल्टचं शिखर हवं. शॉटकीची उलटी गळती तापमानाबरोबर वाढते. ती ३७ अंशांवर मोजा, वातानुकूलित लॅबमध्ये मोजून समाधान मानू नका.

जवळ आणल्यावर चढणारा व्होल्टेज अडवायला झेनर (ठरलेल्या व्होल्टेजवर जादा करंट वाहू देणारा डायोड) लागतो. ३.३ व्होल्टचा झेनर लावण्याची चूक फार होते. कमी व्होल्टेजचे झेनर एकदम चालू होत नाहीत, ठरलेल्या व्होल्टेजच्या बरंच खाली असतानाच ते करंट घ्यायला लागतात. ५.१ किंवा ५.६ व्होल्टचा घ्या आणि रेग्युलेटर ६ व्होल्ट सोसणारा, उदाहरणार्थ एमसीपी१७००. झेनर लावल्यावर ३.२ व्होल्टला तो किती घेतो, ते टप्पा २ च्या रेझिस्टरनेच मोजा.

झेनर सर्किटला वाचवतो, रुग्णाला वाचवत नाही. २० मिलिअँपिअर जादा करंट ५.१ व्होल्टवर जाळला की १०० मिलिवॉट उष्णता कातडीखाली सुटते. त्यामुळे आतला व्होल्टेज डेटाबरोबर बाहेर पाठवा आणि ट्रान्समीटरने त्याप्रमाणे आपला जोर कमी-जास्त करावा. पहिल्याच आवृत्तीत डेटाच्या पाकिटात या आकड्यासाठी जागा ठेवा.

डेटा पाठवताना आतली कॉइल क्षणभर शॉर्ट करतात, तो बदल बाहेरच्या कॉइलला जाणवतो. हा स्विच रेक्टिफायरच्या आधी, कॉइलच्या बाजूला हवा. डायोडच्या पुढे लावला तर साठवलेली वीजच शॉर्ट होते. आणि मँचेस्टर कोडिंग (प्रत्येक बिटच्या मधोमध स्थिती बदलणारी पद्धत) वापरा, नाहीतर सलग एकसारखे बिट आले की कॉइल लांब काळ शॉर्ट राहते आणि तेवढा वेळ वीज येणं थांबतं.

## टप्पा ४: आतली कॉइल आणि जुळवणी

२० मिलिमीटर व्यासाचे आठ वेढे घट्ट गुंडाळले की साधारण २ मायक्रोहेन्री मिळतात. १३.५६ मेगाहर्ट्झला त्यासाठी ६९ पिकोफॅरड लागतात. पण ६९ चा कॅपॅसिटर लावायचा नाही. डायोड, मॉस्फेट आणि बोर्ड मिळून त्यातले बरेच पिकोफॅरड आधीच देतात. म्हणून ४७ पासून सुरुवात करा आणि वाढवत जा.

जुळवणी बघायला कॉइलवर स्कोपचा प्रोब लावणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. दहापट प्रोबचे १२ पिकोफॅरड ६९ मध्ये मिळवले की ८१ होतात आणि रेझोनन्स (कॉइल आणि कॅपॅसिटर ज्या वारंवारतेला जुळतात ती) १२.५ मेगाहर्ट्झवर घसरतो. प्रोब लावून जुळवलेलं सर्किट प्रोब काढल्यावर बिघडतं. त्याऐवजी नॅनोव्हीएनएला एका वेढ्याची छोटी कॉइल जोडा आणि ती आतल्या कॉइलपासून सेंटिमीटरभर लांब धरा. परावर्तनाच्या आलेखात जिथे खळगा दिसतो तो रेझोनन्स. कशालाही स्पर्श न करता मोजमाप होतं.

लिट्झ तारेमागे (अनेक बारीक धाग्यांच्या तारेमागे) धावू नका. या वारंवारतेला तांब्यात करंट पृष्ठभागापासून १८ मायक्रोमीटरपर्यंतच शिरतो, नेहमीच्या लिट्झच्या धाग्यांचा फायदा इथे उरत नाही. साधी इनॅमलची तार पुरते.

## टप्पा ५: आता ट्रान्समीटर

आधी खरं सर्किट जोडू नका. त्याच्या जागी ३९ किलोओहमचा रेझिस्टर लावा. ३.२ व्होल्टला ८५ मायक्रोअँपिअर म्हणजे जवळपास तेवढाच लोड.

दोन्ही कॉइलमधला जोड किती (एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीतून किती जातं) आणि त्यांची गुणवत्ता किती (कॉइलमध्ये वीज किती कमी वाया जाते) यावर सगळं ठरतं. जोडाच्या अंकाचा वर्ग गुणिले दोन्ही कॉइलचे गुणवत्तांक, हा गुणाकार १.६ असेल तर कार्यक्षमता फार तर २३ टक्के, १०० असेल तर ८२ पर्यंत. जोड अर्धा झाला की गुणाकार एक चतुर्थांश होतो, त्यामुळे थोडं सरकणंही महागात पडतं. बाहेरची कॉइल ४० मिलिमीटरच्या आसपास ठेवा. मोठी कॉइल नेमक्या मधोमध थोडी कमी देते, पण सरकल्यावर तग धरते.

मोजताना स्कोपची ग्राउंड क्लिप आतल्या सर्किटला लावू नका. फंक्शन जनरेटर आणि स्कोप दोघांचं अर्थिंग एकच असतं, आणि वीज त्या तारेतूनही आत येते. आकडे मग छान येतात, पण ते बिनतारी नसतात. बॅटरीवर चालणारा मल्टिमीटर घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांशी १०० किलोओहमचे रेझिस्टर लावून रेक्टिफायरनंतरचा डीसी मोजा.

तपासा: कागदावर लिहिलेल्या सगळ्यात वाईट स्थितीत ३.२ व्होल्टच्या वर मिळतात का? मग कॉइल अगदी चिकटवून बघा. फार जवळ आल्यावर रेझोनन्स दोन शिखरांत फुटतो आणि १३.५६ ला वीज अचानक कमी होऊ शकते. जवळ म्हणजे नेहमी जास्त, हे गृहीत धरू नका.

## टप्पा ६: आवरण आणि मीठपाणी

आवरणासाठी बाथरूमचं सिलिकोन वापरू नका. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि तांबं गंजतं. सिलिकोन पाण्याची वाफ आरपार जाऊ देतं, त्यामुळे आत पोकळी किंवा सोल्डरिंगच्या फ्लक्सचा थर राहिला तर तिथे पाणी जमतं आणि गळती सुरू होते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, वाळवा, सिलिकोनमधली हवा निर्वातात काढा, मगच ओता. ओतल्यानंतर रेझोनन्स पुन्हा मोजा. तो खाली सरकलेलाच असतो, म्हणून जुळवणीत थोडी जागा आधीच ठेवायची.

चाचणीत शरीराच्या जागी लिटरला ९ ग्रॅम मिठाचं सलाइन सगळे वापरतात, पण १३.५६ मेगाहर्ट्झला ते स्नायूपेक्षा जास्त वाहक असतं. विद्युतवाहकतेत स्नायूच्या जवळ जायचं तर लिटरला ३ ते ३.५ ग्रॅम मीठ पुरे. दोन्हीत मोजा. ९ ग्रॅमवर चाललं तर उत्तमच.

तापमान मात्र पाण्यात मोजू नका, पाणी फिरून उष्णता घेऊन जातं आणि आकडा कमी येतो. अगारचा घट्ट जेल ३७ अंशांवर ठेवून मोजा. इम्प्लांटच्या बाहेरच्या पृष्ठभागाने शरीराच्या ३७ अंशांपेक्षा २ अंशांहून जास्त तापू नये, ही आयएसओ १४७०८-१ ची मर्यादा आहे. तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलच्या तारा चालू क्षेत्रात खोटा आकडा देऊ शकतात, म्हणून ट्रान्समीटर क्षणभर बंद करून लगेच वाचा.

## टप्पा ७: आकडा खरा आहे का

सर्किट चालतंय आणि आकडे येतायत म्हणजे ते दाबाचेच असतील असं नाही. दाब स्थिर ठेवा आणि बाहेरची कॉइल ५ पासून १५ मिलिमीटरपर्यंत हलवा. आकडा हलला, तर सेन्सर अंतर मोजतोय. बहुतेक वेळा अँप्लिफायरच्या इनपुटमध्ये १३.५६ मेगाहर्ट्झ शिरलेले असतात. टप्पा १ मधला आरसी फिल्टर इनपुटच्या अगदी पायाशी आणा आणि ब्रिजच्या तारा आखूड करा. एडीसीचा संदर्भ आणि ब्रिज एकाच सप्लायवरून घ्या, म्हणजे सप्लाय हलला तरी गुणोत्तर तेच राहतं.

आत बंदिस्त बसलेला सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो, डॉक्टरला मात्र हवेच्या दाबापेक्षा किती जास्त ते हवं असतं. पडून असलेल्या निरोगी प्रौढाच्या कवटीतला दाब पाऱ्याच्या ७ ते १५ मिलिमीटरमध्ये असतो. पुण्याहून घाट उतरून मुंबईत आलं, तर हवेचाच दाब पन्नास मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे ज्या आकड्यासाठी एवढी मेहनत, तो त्या फरकात पूर्ण बुडून जातो. बाहेरच्या युनिटमध्ये बॅरोमीटर बसवा, दोन्ही वाचनं एकाच वेळी घ्या आणि एकातून दुसरं वजा करा. बॅरोमीटर नसलेल्या युनिटचे आकडे कुणालाही दाखवू नका.

यानंतर सगळं ३७ अंशांच्या मीठपाण्यात ठेवा आणि रोज एकाच ठरलेल्या दाबाला वाचन, आतला व्होल्टेज आणि रेझोनन्स अशा तीन नोंदी करा. आधी रेझोनन्स सरकला आणि मग वाचन, तर पाणी आवरणात शिरलंय. व्होल्टेज आणि रेझोनन्स जागेवर असून नुसतं वाचन सरकत असेल, तर सेन्सरचा पडदा किंवा त्यावरचा सिलिकोनचा थर बघा.